बालहृदयशस्त्रक्रिया आणि तिच्यामागची माणसे

जन्मतः हृदयात दोष असलेल्या मुलांवर यशस्वी शस्त्रक्रिया होऊ लागल्याला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. दर हजार जन्मांमागे साधारण आठ ते नऊ बाळांच्या हृदयाच्या रचनेत लहानमोठा दोष असतो. १९३८पूर्वी अशा मुलांसाठी डॉक्टरांकडे निदान होते, इलाज नव्हता. आज यातील बहुतेक दोष दुरुस्त करता येतात. हा इतिहास सहसा सर्जनांच्या नावांनी सांगितला जातो, आणि त्यांचे धाडस खरोखरच मोठे होते. पण हे काम एकट्या सर्जनच्या हातून कधीच झालेले नाही. प्रयोगशाळेतील साहाय्यक, भूलतज्ज्ञ, परिचारिका, यंत्र सांभाळणारा तंत्रज्ञ आणि मुलाची आई यांच्याशिवाय ते पुढे सरकले नसते. यांपैकी कोणाला टीमचा भाग मानायचे, हे मात्र फार उशिरा आणि अडखळत ठरत गेले.

सुरुवातीच्या काळात सर्वाधिक चर्चा झाली ती ‘निळ्या बाळां’ची. या मुलांच्या ओठांना आणि नखांना निळसर छटा असते. थोडे चालले की ती धापा टाकतात आणि उकिडवी बसतात, कारण तसे बसल्यावर त्यांना जरा बरे वाटते. मार्सेय येथील फ्रेंच वैद्य एतियेन फालो यांनी १८८८ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्यातील चार दोषांच्या समूहाला ‘टेट्रॅलॉजी ऑफ फालो’ म्हणतात. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असते. फुप्फुसाकडे रक्त नेणारा मार्ग अरुंद असतो. महारोहिणी आपली जागा सोडून त्या छिद्रावर आलेली असते, आणि उजव्या कप्प्याचा स्नायू जाड झालेला असतो. परिणामी पुरेसे रक्त फुप्फुसात जातच नाही आणि प्राणवायू कमी असलेले रक्त शरीरभर फिरत राहते. यातील बरीच मुले बालपणीच दगावत.

बालहृदयशस्त्रक्रियेचा पहिला टप्पा याहून सोप्या दोषावर गाठला गेला. बाळ आईच्या पोटात असताना महारोहिणी आणि फुप्फुसधमनी यांना जोडणारी एक छोटी वाहिनी असते, तिला डक्टस म्हणतात. जन्मानंतर काही दिवसांत ती आपोआप मिटते. काही मुलांत ती उघडीच राहते आणि हृदयावर ताण येतो. बोस्टनच्या बालरुग्णालयात २६ ऑगस्ट १९३८ रोजी रॉबर्ट ग्रॉस या ३३ वर्षांच्या सर्जनने सात वर्षांच्या एका मुलीची ही वाहिनी बांधून टाकली. त्यांचे विभागप्रमुख विल्यम लॅड तेव्हा गावाला गेलेले होते. मुलगी बरी झाली, आणि हृदयाच्या जन्मजात दोषांना हात लावता येतो हे सिद्ध झाले.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेलन टॉसिग मुलांचा हृदयविभाग सांभाळत होत्या. स्त्रियांना हार्वर्डमध्ये वैद्यकीय पदवी मिळत नसे, म्हणून त्यांनी जॉन्स हॉपकिन्समधून १९२७ मध्ये पदवी घेतली होती. तरुणपणीच त्यांची श्रवणशक्ती मंदावत गेली. छातीला स्टेथोस्कोप लावणे हे ज्या शास्त्राचे मुख्य साधन, त्यातच ही अडचण. टॉसिग बोटांच्या टोकांनी मुलाच्या छातीवरील स्पंदने जाणून घ्यायच्या, क्ष-किरणांच्या पडद्यावर हृदयाचा आकार वेगवेगळ्या कोनांतून न्याहाळायच्या आणि मूल दगावले तर शवविच्छेदनात आपले निदान ताडून पाहायच्या. वर्षानुवर्षे असे पाहताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. काही निळी बाळे जन्मानंतर थोडे दिवस बरी असतात आणि डक्टस मिटला की एकदम ढासळतात. म्हणजे बोस्टनमध्ये जी वाहिनी शत्रू ठरली होती, तीच या बाळांना जगवत होती. मग ती मिटल्यावर तशीच दुसरी वाट का तयार करू नये? त्यांनी ही कल्पना प्रथम ग्रॉस यांच्यापुढे मांडली. ग्रॉस यांनी रस दाखवला नाही. १९४१ मध्ये आल्फ्रेड ब्लेलॉक हॉपकिन्समध्ये शस्त्रक्रियाविभागाचे प्रमुख म्हणून आले, तेव्हा टॉसिग यांनी तोच प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला.

ब्लेलॉक नॅशव्हिलहून एकटे आले नव्हते. त्यांच्या अटीनुसार विव्हियन थॉमसही बाल्टिमोरला आले. थॉमस कृष्णवर्णीय होते आणि सुतारकाम शिकलेले होते. कॉलेजसाठी साठवलेले पैसे १९३० च्या मंदीत बँक बुडाल्याने गेले, आणि त्याच वर्षी ते ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत कामाला लागले. काही वर्षांतच ते प्राण्यांवर गुंतागुंतीच्या शस्त्रक्रिया स्वतः करू लागले, नोंदी ठेवू लागले, प्रयोगांची आखणी करू लागले. पगारपत्रकावर मात्र त्यांची नोंद सफाई कामगार अशी होती. हॉपकिन्समध्ये वर्णभेद कडक होता. पांढरा कोट घालून थॉमस आवारातून निघाले की लोक थबकून पाहत. संसाराचा खर्च भागावा म्हणून ब्लेलॉक यांच्याच मेजवान्यांत पेये देण्याचे कामही त्यांनी केले.

टॉसिग यांच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे काम थॉमस यांच्यावर आले. आधी कुत्र्यांमध्ये निळ्या बाळासारखी अवस्था निर्माण करायची आणि मग ती दूर करायची, अशी ही दुहेरी कामगिरी होती. तिला जवळजवळ दोन वर्षे आणि दोनशेच्या आसपास कुत्रे लागले. हाताकडे रक्त नेणारी सबक्लेव्हियन धमनी कापून तिचे टोक फुप्फुसाच्या धमनीला सांधायचे, हा मार्ग त्यातून पक्का झाला. इतक्या बारीक रक्तवाहिन्या शिवण्याजोगी हत्यारे तेव्हा मिळत नसत. थॉमस यांनी सुया कापून आखूड केल्या, त्यांना पुन्हा धार लावली, आणि रक्तवाहिनी न चिरडता धरून ठेवतील असे चिमटे करवून घेतले. सुताराच्या हाताचा सराव इथे कामी आला असणार. त्यांच्या प्रयोगांतून दीर्घकाळ जगलेल्या ॲना नावाच्या कुत्रीचे चित्र पुढे हॉपकिन्समध्ये लावले गेले.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी अवघ्या चार किलोंच्या आसपास वजन असलेल्या पंधरा महिन्यांच्या मुलीवर ही शस्त्रक्रिया झाली. इतक्या अशक्त, निळ्या बाळाला भूल द्यायची म्हणजेच मोठी जोखीम होती. ती मेरेल हार्मेल या तरुण भूलतज्ज्ञाने उचलली. ब्लेलॉक यांनी ही सांधणी स्वतःच्या हाताने फारच कमी वेळा केली होती. थॉमस यांनी ती शेकडो वेळा केली होती. म्हणून ब्लेलॉक यांनी त्यांना बोलावून घेतले आणि आपल्या खांद्यामागे एका स्टुलावर उभे केले. टाका कोणत्या दिशेने घ्यायचा, दोन टाक्यांत अंतर किती ठेवायचे, धमनी पुरेशी लांब कापली आहे की नाही, हे ब्लेलॉक विचारत होते आणि थॉमस मागून सांगत होते. टॉसिग बाळाकडे लक्ष ठेवून होत्या. रुग्णालयाच्या उतरंडीत एका विभागप्रमुखाने सर्वांसमक्ष प्रयोगशाळेच्या साहाय्यकाला विचारत शस्त्रक्रिया करावी, ही त्या काळी अघटित गोष्ट होती, आणि ती शस्त्रक्रिया पार पडली ती त्यामुळेच. ती मुलगी काही महिने जगली. त्यानंतरच्या तिसऱ्या रुग्णाचे, सहा वर्षांच्या मुलाचे, निळे ओठ टेबलावरच गुलाबी झाले.

मे १९४५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात या शस्त्रक्रियांचा अहवाल प्रसिद्ध झाला. लेखक दोन होते, ब्लेलॉक आणि टॉसिग. थॉमस यांचा त्यात उल्लेखही नव्हता. देशोदेशींचे पालक निळी मुले घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले, आणि देशोदेशींचे सर्जन ही सांधणी शिकायला. या सर्जनांपैकी अनेकांचे हात घडवले ते थॉमस यांनीच. त्यांना मानद डॉक्टरेट मिळाली १९७६ मध्ये. ब्लेलॉक त्याआधी बारा वर्षे निवर्तले होते. आता वैद्यकीय ग्रंथांत या शस्त्रक्रियेला ब्लेलॉक-थॉमस-टॉसिग शंट असे तिघांचे नाव दिले जाते. हा केवळ एका माणसावरील अन्याय दूर करण्याचा प्रश्न नाही. श्रेय कोणाला, हे ज्या पद्धतीने ठरते, त्याच पद्धतीने शस्त्रक्रियागृहात कोणाचे बोलणे ऐकले जाईल हेही ठरत असते. पुढच्या पन्नास वर्षांत याची किंमत अनेकदा मोजावी लागली.

या सांधणीमुळे, म्हणजे शंटमुळे, मुले जगू लागली, पण हृदयातील मूळ दोष तसाच राहत होता. तो दुरुस्त करायचा तर हृदय उघडावे लागणार, आणि तेवढा वेळ रक्ताभिसरण दुसऱ्या कोणीतरी चालवावे लागणार. फिलाडेल्फियाचे जॉन गिबन आणि त्यांच्या पत्नी मेरी यांनी हृदय-फुप्फुस यंत्रावर एकत्र काम सुरू केले, आणि ६ मे १९५३ रोजी त्या यंत्राच्या आधारे १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयातील छिद्र बंद झाले. पुढचे रुग्ण मात्र वाचले नाहीत. मिनेसोटाचे वॉल्टन लिलेहाय यांनी २६ मार्च १९५४ पासून वेगळाच मार्ग घेतला. मुलाचे रक्ताभिसरण त्याच्या वडिलांच्या किंवा आईच्या रक्ताभिसरणाला नळ्यांनी जोडायचे. पालकाचे हृदय आणि फुप्फुसे दोघांचेही काम करीत असताना मुलाचे हृदय उघडून दुरुस्त करायचे. अशा ४५ शस्त्रक्रिया झाल्या आणि २८ मुले घरी गेली. त्यांत टेट्रॅलॉजीची पहिली संपूर्ण दुरुस्तीही होती. रक्त देणाऱ्या पालकांपैकी कोणी दगावले नाही, तरी एका आईच्या मेंदूला गंभीर इजा झाली. दुसऱ्याच वर्षी साधी, स्वस्त ऑक्सिजनेटर यंत्रे आली आणि ही पद्धत मागे पडली. यंत्राबरोबर टीममध्ये नवा माणूस आला, यंत्र चालवणारा परफ्युजनिस्ट. हृदय थांबवलेले असताना मुलाचे प्राण अक्षरशः त्याच्या हातात असतात.

शस्त्रक्रिया संपली की मूल वाचले असे होत नाही. पुढचे दोन-तीन दिवस कसोटीचे असतात. त्यासाठीच्या अतिदक्षता विभागाची कल्पना हृदयरोगातून नव्हे, पोलिओतून आली. १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली आणि श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांना वाचवणारी यंत्रे अपुरी पडली. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत नळी घातली आणि हाताने पिशवी दाबून तिला श्वास दिला. त्यानंतर सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस, शेकडो रुग्णांसाठी अशा पिशव्या दाबल्या. मृत्यूचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. अशा रुग्णांना एका जागी ठेवावे आणि त्यांच्याजवळ चोवीस तास प्रशिक्षित माणूस असावा, हा धडा जगाने इथून घेतला. १९५५ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे मुलांचा स्वतंत्र अतिदक्षता विभाग सुरू झाला. तिथे खाटेशी उभी असलेली सिस्टरच बाळातला बदल सर्वांत आधी टिपते. लघवी कमी झाली, पाय गार पडले, रडण्याचा सूर बदलला, हे मॉनिटरच्या आकड्यांत दिसण्याआधी तिच्या लक्षात आलेले असते.

टीममध्ये सर्वांत उशिरा शिरकाव झाला तो आईचा. लंडनचे ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट बालरुग्णालय १८५२ मध्ये दहा खाटांनिशी सुरू झाले. पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधील कित्येक रुग्णालये आईवडिलांना आठवड्यातून एखादवेळच मुलाला भेटू देत. जंतुसंसर्गाची भीती हे एक कारण होते. आई गेली की मूल रडते आणि वॉर्डाची शिस्त मोडते, हे दुसरे. न्यूकॅसलचे जेम्स स्पेन्स यांनी आयांना मुलांसोबत ठेवून घेण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच पाडली, ती अपवादच राहिली. १९५२ मध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या दोन वर्षांच्या एका मुलीचा चित्रपट काढला. ती हळूहळू गप्प होत जाते, आणि ही शांतता म्हणजे रुळणे नव्हे, हे पडद्यावर स्पष्ट दिसते. अनेक डॉक्टर तो पाहून चिडले. तरीही १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने पालकांना कधीही भेटू द्यावे अशी शिफारस केली. महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत आई किंवा आजी खाटेशी असतेच, तिला जायला सांगणे कोणाला सुचतही नाही. मात्र तिने पाहिलेले लक्षण केसपेपरवर येतेच असे नाही.

सत्तरच्या दशकात टॉसिग यांचे जुने निरीक्षण औषधाच्या रूपाने परत आले. प्रोस्टाग्लँडिन शिरेतून दिले तर डक्टस उघडा ठेवता येतो, हे कळल्यावर निळ्या नवजात बाळाला मोठ्या केंद्रापर्यंत सुखरूप नेता येऊ लागले. १९७५ मध्ये ब्राझीलच्या आदिब जातेने यांनी अदलाबदल झालेल्या दोन महाधमन्या मूळ जागी आणण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. नवजात बाळाच्या, सुतळीएवढ्या जाडीच्या कोरोनरी धमन्या उचलून दुसरीकडे शिवणे हे तिचे अवघड अंग. कौशल्याची कसोटी पाहणाऱ्या या शस्त्रक्रियेनेच पुढे दाखवून दिले की एकट्याचे कौशल्य पुरेसे नसते.

ब्रिटनमधील ब्रिस्टलमध्ये हे फार दुःखद रीतीने समोर आले. तिथे लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांत मृत्यू जास्त होत आहेत, हे स्टीफन बोल्सिन या भूलतज्ज्ञाने आकडे गोळा करून सांगितले, पण वर्षानुवर्षे त्याची दखल घेतली गेली नाही. इयन केनेडी यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीचा अहवाल २००१ मध्ये आला. १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालील ३० ते ३५ मुले तशाच इतर केंद्रांच्या तुलनेत जास्त दगावली, असा त्याचा निष्कर्ष होता. हृदयरोगतज्ज्ञ एका इमारतीत, शस्त्रक्रिया दुसरीकडे, आणि शस्त्रक्रियेनंतर मुले प्रौढांच्या अतिदक्षता विभागात, अशी तिथली व्यवस्था होती. अहवालाने वाईट माणसे शोधली नाहीत. नेतृत्वाचा, एकोप्याचा आणि परस्परांशी बोलण्याचा अभाव हे मुख्य दोष त्याने नोंदवले. ज्यांची मुले गेली त्यांना या निष्कर्षाने समाधान मिळणे कठीणच होते, परंतु पुढच्या मुलांसाठी तो महत्त्वाचा ठरला.

याच सुमारास ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटचे सर्जन मार्क द लेव्हाल यांनी ब्रिटनमधील १६ केंद्रांत, २१ सर्जनांनी केलेल्या २४३ धमनी-अदलाबदल शस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियागृहात निरीक्षक बसवून प्रत्येक चूक टिपली गेली. मोठी चूक झाली तर सगळ्यांचे लक्ष तिकडे जाते आणि बहुधा ती सावरली जाते. छोट्या छोट्या गफलती मात्र कोणाच्या नजरेत भरत नाहीत. हवे ते हत्यार वेळेवर हाती न येणे, मध्येच वाजलेला फोन, अर्धवट ऐकलेली सूचना. अशा गफलती साठत गेल्या की मृत्यूची शक्यता वाढते, असे आढळले.

सर्वांत जास्त गफलती साठत त्या मूल शस्त्रक्रियागृहातून अतिदक्षता विभागात आणताना. त्या पंधरा-वीस मिनिटांत काय काय हलवायचे असते हे पाहिले की कारण कळते. श्वासनलिकेतील नळी एका व्हेंटिलेटरवरून दुसऱ्यावर. धमनीतील आणि मोठ्या शिरेतील नळ्या. छातीतून रक्त बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या बाटल्या. पेसमेकरच्या तारा. थेंबाथेंबाने औषध सोडणारे अनेक पंप, ज्यांतील एखादा दोन मिनिटे बंद पडला तरी रक्तदाब कोसळू शकतो. हे सारे चालू असतानाच भूलतज्ज्ञ माहिती सांगायचा, सर्जन मध्येच काही जोडून निघून जायचा, आणि सिस्टर एका हाताने नळी सावरत दुसऱ्या हाताने लिहून घ्यायची.

ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटमधील मार्टिन एलियट आणि ॲलन गोल्डमन हे दोन डॉक्टर दमून बसले असताना टीव्हीवर फॉर्म्युला वन शर्यत लागलेली होती. काही सेकंदांत गाडीची चाके बदलणारी माणसे पाहून त्यांना आपला हँडओव्हर, म्हणजे मूल अतिदक्षता विभागाच्या हाती सोपवण्याचे काम, आठवला. त्यांनी फेरारीच्या तंत्रज्ञांना आपले काम दाखवले. इथे प्रमुख कोण आहे, हेच कळत नाही, असे त्या तंत्रज्ञांच्या ध्यानात आले. तेव्हा शर्यतीत फलक धरून उभा असलेला एकच माणूस गाडी कधी सोडायची ते ठरवत असे. मग हँडओव्हरची रीत नव्याने बसवण्यात आली. मूल निघण्याआधीच त्याची माहिती अतिदक्षता विभागात पोचवायची. मूल आले की आधी फक्त यंत्रे आणि नळ्या, प्रत्येकाचे काम ठरलेले, बोलणे जवळपास बंद, आणि सूत्रे भूलतज्ज्ञाकडे. सगळे जोडून झाल्यावर माहिती. आधी भूलतज्ज्ञ, मग सर्जन, एका वेळी एकच जण, समोर छापील तक्ता, मध्ये कोणी बोलायचे नाही. शेवटी चर्चा आणि पुढच्या तासांची आखणी, आणि तिथून पुढे जबाबदारी अतिदक्षतातज्ज्ञाची. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार प्रत्येक हँडओव्हरमधील तांत्रिक चुका सरासरी ५.४२ वरून ३.१५ वर आल्या आणि सांगायच्या राहिलेल्या गोष्टी २.०९ वरून १.०७ वर. वेळही वाढला नाही, उलट किंचित कमी झाला. यासाठी एकही नवे यंत्र विकत घ्यावे लागले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये सर्व शस्त्रक्रियांसाठी एक तपासयादी दिली. कातडीला छेद घेण्याआधी शस्त्रक्रियागृहातील प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगायचे, असे तिच्यात आहे. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांत ती वापरून पाहिली असता शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये नोंदले गेले. एकदा स्वतःचे नाव उच्चारलेला कनिष्ठ माणूस पुढे शंका बोलून दाखवायला कमी कचरतो, हा अनेक शस्त्रक्रियागृहांतील अनुभव आहे.

भारतात दरवर्षी सुमारे दोन लाख मुले हृदयदोष घेऊन जन्मतात असा अंदाज केला जातो. इथला मोठा अडसर शस्त्रक्रियागृहाच्या बाहेर आहे. मूल निळे आहे, नीट पीत नाही, वजन वाढत नाही, हे वेळेत कोणी ओळखायचे आणि त्याला शहरापर्यंत कोणी आणायचे? महाराष्ट्रातील पालघर येथून ६ फेब्रुवारी २०१३ रोजी सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम या प्रश्नासाठी आहे. त्याच्या प्रत्येक फिरत्या पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतो. हे पथक अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांना एकदा भेट देते. डॉक्टर मुलाची नखे व ओठ पाहतात, छातीला स्टेथोस्कोप लावतात आणि संशय आला की चिठ्ठी देऊन जिल्ह्याच्या केंद्राकडे धाडतात. तिथे इको तपासणीची व्यवस्था करून मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया ठरवली जाते, आणि तिचा खर्च सरकारी योजनांतून भागवण्याची तरतूद आहे. मजुरी बुडवून मुंबईला जायला तयार नसलेल्या आईवडिलांना समजावण्याचे काम बहुतेकदा अंगणवाडी सेविका आणि आशा ताईच करतात, आणि शस्त्रक्रियेनंतर मूल गावी परतले की औषधे चालू आहेत ना, पुढची तारीख चुकली नाही ना, हे पाहायलाही त्याच जातात.